शॉर्ट लिंक तयार होते, पण भलतीकडेच नेते : कोडमधील नेहमीच्या बिघाडाची तपासणी

लक्षणे

लांब वेबपत्त्यांच्या शॉर्ट लिंक कोडमधून तयार करणाऱ्यांना पुढीलपैकी एखादे तरी लक्षण कधी ना कधी भेटतेच.

- लिंक तयार होते, उघडतेही, पण भलत्याच पानावर किंवा संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर नेऊन सोडते.
- पान बरोबर उघडते, परंतु पत्त्यातील पहिल्या & नंतरचे सगळे पॅरामीटर (‘नाव=किंमत’ अशा जोड्या) गळालेले असतात.
- इंग्रजी अक्षरांचे पत्ते बिनतक्रार चालतात आणि देवनागरी पत्ते तेवढे फसतात.
- एक्सेलमधून घेतलेल्या यादीतील फक्त पहिली लिंक बिघडलेली निघते.
- नव्या पत्त्यासाठी कोड त्रुटी दाखवतो आणि तोच पत्ता पुन्हा दिला की निमूटपणे लिंक देतो.
- लिंक आखूड करून देणाऱ्या सेवेकडून ४००, ४०१, ४०३ किंवा ४२९ असा क्रमांक परत येतो, किंवा उत्तरातील < या पहिल्याच चिन्हापाशी जेसन (मजकुराच्या रूपातील माहितीची एक मांडणी) वाचणारा कोड अडखळतो.
- स्वतः बांधलेल्या व्यवस्थेत एखाद्या वापरकर्त्याला दुसऱ्याचेच पान दिसते.
- लिंकमागचा मूळ पत्ता बदलूनही काही जणांना जुनेच पान दिसत राहते.
- लिंक असलेला एसएमएस पोहोचतच नाही.

हे बिघाड मी वेगवेगळ्या प्रकल्पांत वारंवार दुरुस्त केले आहेत आणि त्यातून माझे एक ठाम मत झाले आहे. दोष बहुधा पत्ता आखूड करणाऱ्या भागात नसतो. लांब पत्ता त्या भागाच्या हाती सोपवताना, किंवा पुढे तो साठवताना, त्याचे रूप बदललेले असते. म्हणून लायब्ररी बदलणे, सेवा बदलणे किंवा सगळा कोड नव्याने लिहायला घेणे यांपैकी काहीही करण्याआधी, आपण नेमका कोणता पत्ता दिला आणि समोरच्याला नेमका कोणता मिळाला, एवढे पाहावे. पुढील तपासण्या बिनखर्ची आणि सोप्यापासून अवघडापर्यंत अशा क्रमाने दिल्या आहेत. तो क्रम मोडू नये, कारण शेवटच्या तपासण्यांत चालू डेटाबेसला हात लावावा लागतो आणि तेथे घाई महागात पडते.

कोडला हात न लावता करायच्या तपासण्या

प्रथम मूळ लांब पत्ता ब्राउझरच्या खाजगी खिडकीत उघडून पाहावा. नेहमीच्या खिडकीत आपण त्या संकेतस्थळावर लॉगिन केलेले असतो, त्यामुळे आपल्याला पान दिसते. इतरांना मात्र लॉगिनच्या पानावर किंवा मुखपृष्ठावर पाठवले जाते. कार्यालयातील सामायिक फाइली आणि प्रवेशमर्यादा असलेले अहवाल यांच्या बाबतीत हे सर्रास घडते. खाजगी खिडकीत मूळ पत्ताच उघडत नसेल, तर शॉर्ट लिंकचा त्यात काही दोष नाही आणि तपासणी येथेच संपते.

त्यानंतर तोच पत्ता त्या सेवेच्या संकेतस्थळावर हाताने चिकटवून लिंक तयार करावी. हाताने केलेली लिंक बरोबर चालत असेल, तर सेवा ठीक आहे आणि बिघाड आपल्या कोडमध्ये आहे. एवढ्या एका प्रयोगाने शोधाचे क्षेत्र निम्मे होते, तरीही बहुतेक जण तो वगळतात.

तिसरी गोष्ट म्हणजे आपण वापरत असलेली सेवा अजून चालू आहे का, हे पाहणे. जुन्या लेखांतून उचललेला कोड आजही अनेक प्रकल्पांत तसाच पडून आहे. गूगलच्या शॉर्ट लिंक सेवेत नव्या लिंक तयार होणे ३० मार्च २०१९ रोजी बंद झाले आणि फायरबेस डायनॅमिक लिंक्स ही सेवा २५ ऑगस्ट २०२५ रोजी बंद झाली. बिटली या शॉर्ट लिंक सेवेच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेला कोड पत्त्यातच टोकन (खात्याची ओळख पटवणारी गुप्त अक्षरमाला) जोडून गेट विनंती, म्हणजे सगळी माहिती पत्त्यातूनच नेणारी विनंती, पाठवतो. चौथी आवृत्ती मात्र पोस्ट विनंती, तिच्या मजकुरात जेसन आणि ऑथरायझेशन हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) टोकन अशी मांडणी मागते, शिवाय उत्तरातील लिंकच्या रकान्याचे नावही तिने बदललेले आहे. अशा कोडची डागडुजी करत बसण्यापेक्षा चालू आवृत्तीचे अधिकृत दस्तऐवज समोर ठेवून ती दहा-वीस ओळींची विनंती पुन्हा लिहिणे कमी कष्टाचे ठरते.

पत्त्यात न दिसणारी चिन्हे

कोड लांब पत्ता सेवेला देतो त्याच्या आदल्या ओळीवर तो पत्ता आणि त्याची लांबी, दोन्ही लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदवहीत) छापावीत. पत्ता नुसता छापून भागत नाही, कारण शोधायची चिन्हे डोळ्यांना दिसत नाहीत. पायथनमध्ये रेप्र फंक्शनमधून छापल्यास आणि जावास्क्रिप्टमध्ये प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक छापल्यास ती उघड होतात. मोजून पाहिलेल्या लांबीपेक्षा छापलेली लांबी एक-दोनने जास्त भरली, तर पाहुणा आत शिरला आहे असे खुशाल समजावे.

एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून जतन केलेल्या फाइलच्या अगदी आरंभी बाइट ऑर्डर मार्क नावाचे एक अदृश्य चिन्ह असते. फाइलला शीर्षकाची ओळ नसेल, तर ते पहिल्या पत्त्याला चिकटते आणि यादीतील नेमकी पहिली लिंक बिघडते. शीर्षकाची ओळ असेल, तर ते पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटते आणि तो स्तंभ सापडतच नाही असे कोड सांगतो. पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग म्हणून ‘यूटीएफ-८-सिग’ दिले की हा प्रश्न मिटतो. विंडोजवर तयार झालेली फाइल ओळींवर तोडताना प्रत्येक पत्त्याच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे ओळ संपल्याचे अदृश्य चिन्ह राहू शकते, तेव्हा मात्र एकूण एक लिंक बिघडतात. व्हॉट्सअ‍ॅप किंवा वर्डमधून चिकटवलेल्या पत्त्यांच्या टोकांना शून्य रुंदीची जागा आढळते. वेबपानाच्या सोर्समधून उचललेल्या पत्त्यात & च्या जागी त्याचे एचटीएमएलमधील लेखी रूप राहून जाते, त्यामुळे पुढच्या पॅरामीटरचे नावच बदलते.

ही साफसफाई पत्त्याच्या दोन टोकांपुरतीच ठेवावी. अदृश्य चिन्हे म्हणजे कचरा असे समजून ती पत्त्यातून सरसकट काढून टाकणारा कोड मराठी पत्त्यांची वाट लावतो. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा ऱ दोन प्रकारे टंकित होतो : एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत असतो, तर दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह असते. दुसऱ्या प्रकारातील ते चिन्ह काढले की पत्त्यात ‘दर्या’ उरतो आणि डोंगरदऱ्यांचे पान मागणाऱ्या वाचकाला ‘पान सापडले नाही’ असा निरोप मिळतो. दोन्ही प्रकार पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात, पण त्यांचे बाइट वेगळे असतात, आणि अक्षरांची पर्यायी रूपे एकसारखी करणाऱ्या युनिकोड नॉर्मलायझेशनच्या फंक्शनमधून काढूनही ते एक होत नाहीत. म्हणून संकेतस्थळाने पत्ता ज्या रूपात प्रसिद्ध केला आहे तेच रूप जसेच्या तसे पुढे द्यावे. सारख्या दिसणाऱ्या शब्दाने तो नव्याने टंकित करू नये.

पत्त्याच्या आरंभी एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस आहे ना, हेही पाहून घ्यावे. ब्राउझर ते लपवतो, माणसे ते लिहीत नाहीत आणि अनेक सेवा त्याच्याशिवाय पत्ता स्वीकारत नाहीत. उत्तर येते ४००.

एन्कोडिंग : बहुतेक बिघाडांचे माहेरघर

समजा, एका दिवाळी अंकाच्या संग्रहाचा पत्ता असा आहे :

…/अंक?वर्ष=२०२४&विभाग=कविता&स्रोत=एसएमएस

सेवा गेट विनंतीने चालते आणि लांब पत्ता ‘पत्ता’ नावाच्या पॅरामीटरमधून मागते, असेही समजू. कोडने दोन अक्षरमाला नुसत्या जोडल्या की विनंती अशी होते :

…/आखूडकरा?पत्ता=…/अंक?वर्ष=२०२४&विभाग=कविता&स्रोत=एसएमएस

आपल्याला यात एक पत्ता दिसतो, पण सेवेला तीन पॅरामीटर दिसतात. तिच्या दृष्टीने ‘पत्ता’ची किंमत ‘वर्ष=२०२४’ येथे संपते. ‘विभाग’ आणि ‘स्रोत’ हे तिने न मागितलेले वेगळे पॅरामीटर असल्यामुळे ती त्यांच्याकडे दुर्लक्ष करते आणि उरलेल्या पत्त्याची अगदी व्यवस्थित शॉर्ट लिंक करून देते. कोठेही त्रुटी येत नाही. वाचक कवितांऐवजी संपूर्ण वर्षाच्या यादीवर पोहोचतो आणि एसएमएसमधून किती वाचक आले याचा हिशेब शून्य दाखवतो. तक्रार तंत्रज्ञांकडे येण्याऐवजी विपणन विभागाकडे जाते ती यामुळेच.

यावरचा उपाय म्हणजे लांब पत्ता दुसऱ्या पत्त्याच्या पोटात ठेवण्यापूर्वी त्याचे टक्का-चिन्हांत रूपांतर, म्हणजेच एन्कोडिंग, करणे. त्यात अशा खास चिन्हांच्या जागी % आणि त्यांचा संकेतक्रमांक येतो. या रूपांतराचे नियम आरएफसी ३९८६ या जानेवारी २००५ मधील मानकात दिलेले आहेत. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी एन्कोड-यूआरआय-कंपोनंट हे फंक्शन वापरायचे असते. नावाने जवळचे असलेले एन्कोड-यूआरआय हे फंक्शन &, ?, = आणि # या चिन्हांना हात लावत नाही, त्यामुळे ते वापरूनही वरचा बिघाड तसाच राहतो आणि ‘एन्कोडिंग तर केले आहे’ या समजुतीने शोध भलतीकडे जातो. कोड तपासताना या दोन नावांतील फरक मी सर्वांत आधी पाहतो. पायथनमध्ये हाताने काही करण्यापेक्षा रिक्वेस्ट्स लायब्ररीला पॅरामीटरांची डिक्शनरी द्यावी, म्हणजे रूपांतर ती स्वतः करते.

# या चिन्हाची कथा आणखी वेगळी आहे. ब्राउझर असो वा प्रोग्राम, # पासून पुढचा भाग सर्व्हरकडे पाठवलाच जात नाही. एकाच पानावर चालणाऱ्या अनेक वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये पानांचे मार्ग # च्या पुढे लिहिलेले असतात. असा पत्ता एन्कोड न करता दिला की त्यातून मुखपृष्ठाचीच लिंक तयार होते. ‘प्रत्येक लिंक होमपेजवर जाते’ अशी तक्रार आली, तर आधी मूळ पत्त्यात # शोधावा. + या चिन्हाकडेही लक्ष ठेवावे. पॅरामीटरमध्ये एन्कोड न केलेला + सर्व्हरवर रिकामी जागा म्हणून वाचला जातो, त्यामुळे +९१ ने सुरू होणारा मोबाइल क्रमांक पलीकडे एक जागा सोडून ९१ असा पोहोचतो आणि ग्राहक सापडत नाही.

याच्या उलट बिघाड म्हणजे दोनदा झालेले एन्कोडिंग. पहिल्या फेरीत तयार झालेले टक्का-चिन्ह दुसऱ्या फेरीत पुन्हा रूपांतरित होऊन %२५ बनते. अंतिम पत्त्यात जागोजागी %२५ दिसत असेल, तर दोन ठिकाणी तेच काम होत आहे असे निश्चित समजावे. बहुधा एकदा आपण हाताने केलेले असते आणि एकदा लायब्ररीने. नियम एवढाच ठेवावा की कोडभर पत्ता त्याच्या मूळ रूपात फिरू द्यावा आणि रूपांतर विनंती पाठवण्याच्या शेवटच्या टप्प्यावर एकदाच करावे. पोस्ट विनंतीच्या जेसनमध्ये पत्ता दिला जात असेल, तर त्याचे वेगळे एन्कोडिंग करू नये. गेटसाठी लिहिलेला कोड पोस्टसाठी वापरताना एन्कोडिंगची ओळ हमखास तशीच राहून जाते.

देवनागरी पत्त्यांत हे सगळे अधिक जोराने जाणवते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि टक्का-रूपात प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरे झाली. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे असल्यामुळे त्याची ३६ अक्षरे होतात, तर ‘महाराष्ट्र’ या दहा चिन्हांच्या शब्दाची ९०. मराठी विकिपीडियाच्या एखाद्या लेखाचा पत्ता कॉपी करून चिकटवला की दोन-तीन ओळी भरतात ते यामुळेच, आणि मराठी संकेतस्थळांना शॉर्ट लिंकची गरज अधिक भासते तीही यामुळेच.

उत्तर पूर्ण वाचावे

पत्ता बरोबर जात असूनही लिंक मिळत नसेल, तर सेवेचे उत्तर त्याच्या क्रमांकासह जसेच्या तसे लॉगमध्ये घ्यावे. ‘लिंक तयार झाली नाही’ असा स्वतः लिहिलेला संदेश दाखवून मूळ उत्तर फेकून देणारा कोड शोध घेणाऱ्याला आंधळे करतो. ४०० म्हणजे पत्ता किंवा विनंतीची मांडणी चुकली, ४०१ म्हणजे टोकन चुकीचे किंवा रद्द झालेले, ४०३ म्हणजे त्या खात्याला त्या कामाची परवानगी नाही. पाचशेच्या घरातील क्रमांक सेवेच्या बाजूचे असतात. तेथे थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करण्यापलीकडे आपल्या हाती काही नसते. उत्तर < ने सुरू होत असेल, तर जेसनऐवजी एचटीएमएलचे पान आले आहे. ते कार्यालयीन प्रॉक्सीने (मधल्या सर्व्हरने) पाठवलेले असते किंवा ‘तुम्ही माणूस आहात का’ असे विचारणाऱ्या संरक्षक भिंतीने.

नव्या पत्त्याला त्रुटी आणि जुन्याला यश, हे लक्षण गूढ वाटते, पण त्याचे कारण साधे आहे. बिटलीची चौथी आवृत्ती आधीपासून असलेली लिंक परत देताना २०० आणि नवी लिंक तयार केल्यावर २०१ हा क्रमांक पाठवते. कोडमध्ये ‘उत्तर २०० असेल तरच यश’ अशी अट असली, की खरोखर तयार झालेली लिंक अपयश म्हणून नोंदवली जाते आणि दुसऱ्या खेपेस तीच लिंक २०० सह मिळते. २०० ते २९९ हे सर्व क्रमांक यश मानावेत.

४२९ म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त विनंत्या. येथे अनेक जण लगेच मोठ्या योजनेचे पैसे भरायला निघतात. त्याआधी आपला कोड तोच पत्ता पुन्हा पुन्हा आखूड करून घेत नाही ना, हे पाहावे. वाचकाने पान उघडले की दर वेळी नवी लिंक मागणारा कोड मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की ४२९ दिसताच मी प्रथम तेच शोधतो. एकदा मिळालेली लिंक मूळ पत्त्यासह आपल्या टेबलात ठेवावी आणि पुढच्या वेळी तेथूनच द्यावी. एकाच वेळी हजारो लिंक करायच्या असतील, तर नकार आल्यावर थांबण्याचा काळ दर खेपेस दुप्पट करत जावे.

स्वतःची व्यवस्था असेल तर

येथून पुढे डेटाबेसचा संबंध येतो. काहीही बदलण्यापूर्वी टेबलाची प्रत घ्यावी आणि पुढचे प्रयोग शक्यतो त्या प्रतीवर करावेत.

सर्वांत सोपी तपासणी ब्राउझरमध्येच होते. आपल्या एखाद्या शॉर्ट लिंकच्या शेवटी असलेल्या कोडची, म्हणजे ती लिंक ओळखणाऱ्या चिन्हमालेची, लहान इंग्रजी अक्षरे मोठी आणि मोठी लहान करून ती उघडावी. तरीही तेच पान उघडले, तर डेटाबेस लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमधील नेहमीचे कोलेशन (अक्षरांची तुलना करण्याचे नियम) असेच असते. आपला प्रोग्राम २६ लहान अक्षरे, २६ मोठी अक्षरे आणि १० अंक अशी ६२ चिन्हे धरून चालतो आणि डेटाबेस त्यांना ३६ समजतो. सहा चिन्हांच्या कोडचे सुमारे ५,६८० कोटी पर्याय प्रत्यक्षात २१७ कोटींवर येतात. त्या स्तंभावर युनिक इंडेक्स (एकच किंमत दोनदा येऊ न देणारी अट) असेल, तर नवे कोड अधूनमधून ‘डुप्लिकेट एंट्री’ म्हणून नाकारले जातात, आणि शोधून पाहिले तर हुबेहूब तसा कोड टेबलात दिसत नाही. युनिक इंडेक्स नसेल, तर परिस्थिती अधिक वाईट असते : दोन वेगळ्या लिंक डेटाबेसला एकच वाटतात आणि एकाच्या लिंकवर दुसऱ्याचे पान उघडते. त्या एका स्तंभाचे कोलेशन बायनरी करणे हा यावरचा उपाय आहे. पोस्टग्रेसक्यूएल मुळातच हा फरक पाळते, त्यामुळे विकासकाच्या संगणकावर पोस्टग्रेस आणि सर्व्हरवर मायएसक्यूएल असेल, तर चाचणीत हा बिघाड कधीच दिसत नाही.

त्यानंतर कोड कसा तयार होतो ते पाहावे. मूळ पत्त्याचा एमडी-५ (कोणत्याही मजकुरापासून ठरावीक लांबीची चिन्हमाला देणारे सूत्र) काढून त्यातील पहिली सहा चिन्हे घेणे ही पद्धत फार लोकप्रिय आहे आणि माझ्या मते ती टाळावीच. एमडी-५ च्या नेहमीच्या रूपात प्रत्येक जागी १६ च पर्याय असतात, म्हणून सहा जागांत १,६७,७७,२१६ कोड मावतात. हा आकडा मोठा वाटतो. पण कोणत्याही दोन पत्त्यांचा कोड एकच निघण्याची शक्यता सुमारे ४,८०० लिंकांनंतरच निम्म्यावर पोहोचते. ६२ चिन्हांतून यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या सहा जागांच्या कोडला हाच टप्पा सुमारे २.८ लाख लिंकांनंतर येतो. म्हणजे तोही येतोच, फक्त उशिरा. त्यामुळे टक्कर होणार हे गृहीत धरूनच प्रोग्राम लिहावा. ‘असा कोड आहे का’ हे आधी विचारून मग नोंद करणारा प्रोग्राम पुरेसा नसतो, कारण त्या दोन पावलांच्या मध्ये दुसरी विनंती तोच कोड नोंदवून मोकळी होऊ शकते. युनिक इंडेक्स लावावा, सरळ नोंद करण्याचा प्रयत्न करावा आणि नकार आला तर नवा कोड घेऊन पुन्हा करावा. पायथनमधील अंगभूत हॅश फंक्शन तर या कामासाठी वापरूच नये. अक्षरमालेसाठी ते प्रोग्राम पुन्हा सुरू झाल्यावर वेगळी किंमत देते.

नोंदीच्या क्रमांकापासून कोड बनवला तर टक्कर होत नाही, परंतु क्रमांक ६४ बिटांचा असेल आणि रूपांतर जावास्क्रिप्टमध्ये होत असेल, तर ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ च्या पुढे साध्या संख्येचे शेवटचे अंक बिनचूक राहत नाहीत आणि दोन लागोपाठच्या क्रमांकांचा एकच कोड निघतो. तेथे बिगइंट हा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार वापरावा. क्रमवार कोडचा दुसरा दोष म्हणजे पुढची लिंक कोणालाही ओळखता येते. यादृच्छिक कोडही आखूड असले तर सुरक्षित नसतात. कॉर्नेल टेकमधील संशोधकांनी २०१६ साली सहा चिन्हांचे कोड पद्धतशीरपणे धुंडाळून लोकांच्या वनड्राइव्हवरील फाइलींपर्यंत पोहोचता येते हे दाखवून दिले होते. पासवर्ड बदलण्याची लिंक किंवा रुग्णाचा अहवाल केवळ ‘पत्ता कोणाला माहीत नाही’ या भरवशावर शॉर्ट लिंकमागे ठेवू नये.

डेटाबेसमधील मूळ पत्त्याच्या स्तंभाची रुंदीही पाहावी. २५५ अक्षरांच्या स्तंभात टक्का-रूपातील देवनागरीची जेमतेम २८ चिन्हे मावतात, तीही डोमेनचे नाव धरले नाही तर. मायएसक्यूएल ५.७ पासून मूळ रचनेत अशी नोंद त्रुटी देऊन नाकारली जाते, पण जुन्या सर्व्हरवर किंवा कडक पद्धत मुद्दाम बंद केलेल्या सर्व्हरवर पत्ता मध्येच कापला जातो आणि तसाच साठवला जातो. ‘इंग्रजी चालते, मराठी नाही’ या लक्षणाचे हे दुसरे मोठे कारण आहे. स्तंभ टेक्स्ट प्रकारचा करावा.

लिंक उघडताना होणारे बिघाड

लिंक बरोबर साठवली गेली असूनही जुने पान उघडत असेल, तर आपला सर्व्हर ३०१ पाठवतो की ३०२, हे कर्ल या आज्ञेने हेडर मागवून पाहावे. ३०१ म्हणजे कायमचा बदल. ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी आपल्या सर्व्हरला न विचारता थेट जुन्या पत्त्यावर जातो, त्यामुळे क्लिकही मोजले जात नाहीत. पत्ता बदलण्याची शक्यता असेल तेथे ३०२ किंवा ३०७ (तात्पुरता बदल) वापरावा. आधीच वाटलेल्या ३०१ चा परिणाम वाचकांच्या ब्राउझरमधून आपल्याला पुसता येत नाही, हेही ग्राहकाला स्पष्ट सांगावे.

नवा पत्ता सांगणाऱ्या लोकेशन हेडरमध्ये कच्ची देवनागरी अक्षरे पाठवू नयेत. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचे मूळ एचटीटीपी मॉड्यूल अशा हेडरला थेट नकार देते; इतरत्र ती अक्षरे चुकीच्या एन्कोडिंगने वाचली जाऊन पत्त्याचा चुथडा होतो. पुनर्निर्देशन (वाचकाला दुसऱ्या पत्त्यावर पाठवणे) फिरतच राहत असेल, तर शॉर्ट लिंकमागे पुन्हा आपलीच शॉर्ट लिंक ठेवलेली नाही ना, आणि मधली प्रॉक्सी एचटीटीपीने बोलत असताना सर्व्हर तिला एचटीटीपीएसकडे ढकलत नाही ना, हे पाहावे.

लिंक ठीक आहे, पण एसएमएस जात नाही

हा कोडचा बिघाड नाही, तरी तक्रार कोड लिहिणाऱ्याकडेच येते. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या निर्देशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून भारतात व्यावसायिक एसएमएसमधील लिंक आधी डीएलटी या व्यावसायिक संदेशांच्या नोंदणी पोर्टलवर मान्य करून घ्यावी लागते. मान्य नसलेली लिंक असलेला संदेश दूरसंचार कंपनी अडवते. त्यामुळे एका सेवेवरून दुसऱ्या सेवेवर जाताना केवळ शॉर्ट लिंकचे डोमेन बदलले, तरी काल जाणारे संदेश आज जात नाहीत. शिवाय मराठी एसएमएसच्या एका भागात ७० च चिन्हे मावतात आणि संदेश लांबला तर प्रत्येक भागात ६७. इंग्रजीसाठी हेच आकडे १६० आणि १५३ आहेत. लांबलचक लिंक टाकली की एका संदेशाचे दोन-तीन संदेशांचे पैसे लागतात.

येथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

टोकन चुकून सार्वजनिक कोडसाठ्यात गेले असेल, तर ते त्याच क्षणी रद्द करावे. ती ओळ खोडून उपयोग नाही, कारण ती इतिहासात राहते. त्या टोकनने दरम्यान कोणी लिंक बनवल्या का, याची छाननी सुरक्षेच्या जाणकाराकडून करून घ्यावी.

चालू टेबलात एकाच कोडच्या दोन नोंदी सापडल्या आणि त्या लिंक ग्राहकांना वाटून झाल्या असतील, तर स्वतः एकही नोंद बदलू किंवा पुसू नये. कोणती लिंक कोणाकडे गेली हे त्या नोंदींच्या वेळांवरूनच ठरवावे लागते. हे काम डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाचे आहे. पैसे भरण्याच्या किंवा वैयक्तिक माहितीच्या लिंक त्यात असतील, तर तोपर्यंत पुनर्निर्देशन बंद ठेवलेले बरे.

आपले डोमेन फसवणुकीच्या यादीत गेल्याचा लाल इशारा ब्राउझर दाखवू लागला, तर कोणीतरी आपल्या व्यवस्थेतून घातक लिंक तयार केल्या आहेत. त्या शोधून बंद करण्याआधी फेरतपासणी मागितली तर ती फेटाळली जाते, म्हणून येथेही सुरक्षेचा जाणकार हवा. डोमेनची मुदत संपली असेल किंवा त्याची मालकी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या खात्यावर असेल, तर रजिस्ट्रारशी, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीशी, संपर्क साधावा. डीएलटीचा प्रश्न एसएमएस पुरवठादारामार्फत सोडवावा.

जाणकाराला बोलावताना बिघडलेली एक शॉर्ट लिंक, तिचा मूळ पत्ता चित्र न काढता मजकुराच्या फाइलमध्ये, सेवेचे पूर्ण उत्तर क्रमांक आणि हेडरांसह, आणि ती लिंक तयार झाल्याची वेळ तयार ठेवावी. हे सगळे जाणकाराच्या हाती देण्यापूर्वी त्यातील टोकन तेवढे झाकावे.